विश्लेषण: गाडी ‘लो’ केली की अलाइनमेंट का बिघडते? उत्तर ७५ वर्षांपूर्वीच्या एका अभियंत्याच्या कामात

कारचे स्प्रिंग बदलून किंवा कापून ती खाली बसवली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लो’ केली, की काही दिवसांत तीन तक्रारी सुरू होतात. स्टिअरिंग एका बाजूला खेचते, टायरची आतली कड गुळगुळीत होते आणि अलाइनमेंटच्या मशीनवर हिरव्याऐवजी लाल आकडे दिसतात. दोष मेकॅनिकचा असेल, मशीनचा असेल किंवा रस्त्याचा, असे वाटते. पण बहुतेक वेळा कारण गाडीच्या पुढच्या चाकामागे उभ्या असलेल्या एका नळकांड्यात असते. त्याचे नाव मॅकफर्सन स्ट्रट. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींच्या पुढच्या चाकांना तो असतो. ब्रोशरमध्ये हे नाव वाचले नाही असा कारप्रेमी विरळा. मात्र ते एका माणसाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

अर्ल स्टील मॅकफर्सन हे ते अभियंता. ज्या छोट्या गाडीसाठी त्यांनी हा स्ट्रट तयार केला, ती गाडी कधी विक्रीलाच आली नाही. कल्पना मात्र जगभर गेली. त्यांच्या आयुष्यात काय घडले आणि त्यांनी काढलेल्या भूमितीचा आजच्या अलाइनमेंटशी काय संबंध आहे, ते पाहू.

अर्ल मॅकफर्सन कोण होते?

मॅकफर्सन यांचा जन्म ६ जुलै १८९१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हायलँड पार्क येथे झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये पदवी घेऊन ते डेट्रॉइटला गेले. तेव्हाचे डेट्रॉइट म्हणजे मोटार उद्योगाची पंढरी. शहरात डझनावारी कार कंपन्या होत्या आणि तरुण अभियंत्यांना मागणी होती. त्यांना पहिली नोकरी मिळाली चाल्मर्स मोटर कंपनीत.

दरम्यान पहिले महायुद्ध पेटले होते आणि १९१७ मध्ये अमेरिकाही त्यात उतरली. मॅकफर्सन लष्करी सेवेत युरोपात गेले आणि तिथे त्यांनी विमानांच्या इंजिनांवर काम केले. विमानात प्रत्येक किलो वजनाचा हिशेब द्यावा लागतो. कमी भागांत, कमी वजनात तेच काम कसे करून घ्यायचे, हा प्रश्न पुढे त्यांच्या मोटारींच्या कामातही सतत दिसतो.

युद्धानंतर ते डेट्रॉइटच्या लिबर्टी मोटर कार कंपनीत रुजू झाले. ती कंपनी फार टिकली नाही. १९२३ मध्ये ते हपमोबाइल गाड्या बनवणाऱ्या हप कंपनीत गेले आणि तिथे दशकभर राहिले. १९२९ च्या महामंदीने अमेरिकेतल्या मधल्या आकाराच्या कार कंपन्यांचे कंबरडे मोडले, त्यात हपही होती. १९३४ मध्ये मॅकफर्सन यांनी जनरल मोटर्सची वाट धरली. पुढच्याच वर्षी ते शेव्हर्ले विभागाचे मुख्य डिझाइन अभियंता झाले.

म्हणजे चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांनी तीन कंपन्या पाहिल्या होत्या आणि तिन्ही पुढे इतिहासजमा झाल्या. हपचे उत्पादनही १९४० पर्यंत थांबले. चांगली गाडी बनवणे पुरेसे नसते, ती परवडणाऱ्या खर्चात बनवावी लागते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

१९३४ हे वर्ष महत्त्वाचे का?

मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये आले त्याच वर्षी त्या कंपनीने आपल्या गाड्यांना पुढे ‘इंडिपेंडंट सस्पेन्शन’ दिले होते. त्याआधी बहुतेक गाड्यांची दोन्ही पुढची चाके एकाच जाड दांड्यावर, म्हणजे बीम अॅक्सलवर बसवलेली असत. बैलगाडीच्या आसासारखीच ही रचना. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलणार. वेग वाढला की पुढची चाके थरथरायची आणि स्टिअरिंग हातात नाचायचे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणाऱ्या रचना आल्या. त्यातली सर्वांत यशस्वी ठरली ती ‘डबल विशबोन’. यात चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी हात असतात. मधोमध स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर. वरचा हात आखूड आणि खालचा लांब ठेवला की चाक वर जाताना किती कलावे, हे अभियंत्याला ठरवता येते. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके टॅक्सी म्हणून धावलेल्या, कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांना अशीच दोन हातांची रचना होती.

ही रचना उत्तम, पण तिला भाग जास्त लागतात, जागा जास्त लागते आणि पैसाही जास्त लागतो. मोठ्या गाडीत हे खपून जायचे. छोट्या, स्वस्त गाडीत मात्र प्रश्न उभा राहायचा.

शेव्हर्लेची छोटी गाडी आणि एक अडचण

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा जनरल मोटर्सला वाटले, की सैनिक घरी परततील, मंदी येईल आणि लोक छोटी, स्वस्त गाडी मागतील. १९४५ मध्ये कंपनीने हलक्या गाडीचा प्रकल्प जाहीर केला. मुख्य अभियंता म्हणून मॅकफर्सन यांची निवड झाली. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते.

गाडीचे नाव ठरले शेव्हर्ले कॅडेट. लक्ष्य कठीण होते. वजन २,२०० पौंड, म्हणजे साधारण १,००० किलो. किंमत १,००० डॉलरच्या आत. अमेरिकेच्या मानाने गाडी छोटी, पण चौघे ऐसपैस बसले पाहिजेत आणि प्रवास मोठ्या गाडीसारखा वाटला पाहिजे. चाके मात्र फक्त १२ इंची.

मॅकफर्सन यांनी चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचे ठरवले. मोठ्या गाड्यांतही तेव्हा ही चैन मानली जात होती. डबल विशबोन चारही कोपऱ्यांत बसवले असते तर वजन आणि खर्च दोन्ही हाताबाहेर गेले असते. त्यामुळे त्यांनी एक भागच काढून टाकायचे ठरवले.

त्यांनी नेमके काय केले?

डबल विशबोनमधला वरचा हात त्यांनी काढून टाकला. शॉक अॅब्सॉर्बर तसाही गाडीत असणारच होता. तोच मजबूत करून त्याच्यावर चाकाला उभे धरण्याचे कामही सोपवले. स्प्रिंग त्याच्याभोवती गुंडाळली. नळकांड्याचे वरचे टोक गाडीच्या बॉडीत, बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या गोल उंचवट्यात बसवले. खालचे टोक चाकाच्या हबला घट्ट जोडले. खाली फक्त एक हात उरला, तो म्हणजे लोअर आर्म.

स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि वरचा हात या तिघांचे काम आता एकच खांब करू लागला. स्टिअरिंग फिरवले की पुढच्या चाकाबरोबर हा खांबही स्वतःभोवती फिरतो. भाग कमी, वजन कमी आणि मधली बरीच जागा मोकळी.

याच्या जवळपास जाणाऱ्या कल्पना आधीही आल्या होत्या. इटलीत फियाटचे ग्विडो फॉर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशा धर्तीच्या रचनांचे पेटंट घेतले होते. अमेरिकेतील विल्यम स्टाउट यांच्या स्कॅरॅब या गाडीतही लांब स्ट्रट होते. मॅकफर्सन यांचे वेगळेपण असे, की त्यांनी ही रचना मोठ्या संख्येने, स्वस्तात बनवता येईल अशा रूपात आणली.

१९४७ च्या मार्चमध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. पेटंटचा मालक अर्थातच जनरल मोटर्स.

गाडी गुंडाळली, अभियंता दुसरीकडे

कॅडेटचे नमुने तयार झाले आणि त्यांच्या चाचण्याही झाल्या. पण बाहेरची हवा बदलली होती. युद्धानंतर मंदी आलीच नाही. उलट अनेक वर्षे नवी गाडी न मिळालेले ग्राहक मोठ्या गाड्यांसाठी रांगा लावत होते. पोलाद आणि इतर माल मात्र तुटपुंजा होता. तेवढ्याच मालात जास्त नफ्याची मोठी गाडी विकता येत असेल तर छोटी कशाला, असा हिशेब कंपनीने केला. कॅडेटच्या खर्चाचे गणितही बसत नव्हते. १९४७ मध्ये प्रकल्प बंद झाला.

मॅकफर्सन नाराज झाले. त्याच वर्षी त्यांनी जनरल मोटर्स सोडली आणि थेट प्रतिस्पर्धी फोर्डमध्ये गेले. वय होते ५६.

आता अडचण अशी, की त्यांच्या सर्वांत मोठ्या कल्पनेचे पेटंट जुन्या मालकाकडे होते. फोर्डमध्ये त्यांनी रचना नव्याने मांडली आणि १९४९ च्या जानेवारीत फोर्डच्या नावाने दुसरा अर्ज दाखल झाला. दोन्ही पेटंट मंजूर झाली ती १९५३ मध्ये, जनरल मोटर्सचे जानेवारीत आणि फोर्डचे नोव्हेंबरमध्ये. एकाच माणसाच्या एकाच विषयावरच्या कामाची दोन पेटंट दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडे, असा हा प्रकार.

स्ट्रट रस्त्यावर कधी आला?

१९५० च्या लंडन मोटर शोमध्ये ब्रिटिश फोर्डने दोन नव्या गाड्या मांडल्या, चार सिलिंडरची कॉन्सल आणि सहा सिलिंडरची झेफर. दोन्हींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते. मोठ्या प्रमाणावर बनलेल्या गाडीत हा स्ट्रट प्रथम इथे दिसला.

या गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट होती, जिच्याशिवाय स्ट्रट चालला नसता. त्यांना वेगळी चासी नव्हती. पत्र्याची बॉडी हीच गाडीचा सांगाडा होती, म्हणजे मोनोकॉक. स्ट्रटचे वरचे टोक बॉडीला ढकलत असते. तिथला पत्रा मजबूत नसेल तर सगळी रचना डळमळते. म्हणूनच अपघातात तो उंचवटा सरकलेल्या गाडीचे अलाइनमेंट नुसते बोल्ट फिरवून सरळ होत नाही.

अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांना मात्र मॅकफर्सन यांच्या हयातीत हा स्ट्रट मिळाला नाही. तिथल्या मोठ्या गाड्यांत जागेची टंचाईच नव्हती. अमेरिकन फोर्डने स्ट्रटचे एक बदललेले रूप १९७८ च्या फेअरमाँट या मॉडेलमध्ये वापरले, त्यांच्या निधनानंतर १८ वर्षांनी.

मॅकफर्सन १९५२ मध्ये फोर्डचे मुख्य अभियंता झाले. १९५४ च्या फोर्ड गाड्यांत जुन्या किंगपिनऐवजी बॉल जॉइंट असलेले पुढचे सस्पेन्शन आले आणि जुन्या फ्लॅटहेड इंजिनाची जागा नव्या व्ही-८ ने घेतली, ते त्यांच्याच कारकिर्दीत. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले. २६ जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. वय ६८.

त्यांच्यानंतर काय झाले?

कॅडेट ज्या गरजेसाठी जन्मली होती, ती गरज दोन दशकांनी युरोपात आणि जपानमध्ये उभी राहिली. छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसू लागले आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळू लागली. आडवे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट एवढे सगळे बॉनेटखाली बसवायचे तर वरच्या विशबोनला जागाच उरत नाही. मॅकफर्सन यांनी ती जागा आधीच मोकळी करून ठेवली होती. १९६९ ची फियाट १२८ आणि १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ या दोन्ही गाड्यांत पुढे त्यांचाच स्ट्रट होता.

भारतात डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता. १९९८ मध्ये आलेल्या, पिंपरीत बनणाऱ्या टाटा इंडिकालाही तोच. तेव्हापासून मध्यमवर्गाच्या जवळपास प्रत्येक गाडीत तो आहे. मॅकफर्सन यांना अमेरिकेत जी गाडी विकायची होती, तशा गाड्या भारतात लाखोंच्या संख्येने विकल्या गेल्या.

मग गाडी लो केल्यावर नेमके काय बिघडते?

मॅकफर्सन यांनी वरचा हात काढला तेव्हा त्याची एक किंमत मोजली. चाक वर जाताना किती कलावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कमी झाले. आता ते जवळजवळ एका लोअर आर्मवर अवलंबून आहे. गाडी ठरलेल्या उंचीवर असेपर्यंत ही तडजोड खपते. उंची बदलली की ती उघडी पडते.

घड्याळाचा तास काटा डोळ्यांसमोर आणा. काट्याचे मूळ म्हणजे बॉडीकडचे टोक आणि अणी म्हणजे चाकाकडचा बॉल जॉइंट. समजा लोअर आर्म चारच्या बाजूला किंचित झुकलेला आहे. गाडी खाली बसवली की आर्म चारकडून तीनकडे येतो. अणी थोडी बाहेर सरकते. चाकाचा खालचा भाग बाहेर जातो आणि वरचा आत झुकलेला दिसतो. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. टायरची आतली कड झिजण्याचे हे एक कारण.

गाडी आणखी खाली नेली की आर्म तीन ओलांडून दोनकडे जातो. आता अणी पुन्हा आत येऊ लागते. म्हणजे वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरच्या टायरला आत झुकून रस्ता धरायला मदत हवी असते, नेमकी तेव्हाच ती मिळेनाशी होते. टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो.

दुसरी गोष्ट त्याहून अनपेक्षित. वळणावर बॉडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये त्याची जागा लोअर आर्मच्या कोनावरून ठरते. गाडी खाली आली की वजनाचा मध्य खाली येतो हे खरे, पण रोल सेंटर बहुधा त्याहून जास्त खाली जाते. दोघांमधले अंतर, म्हणजेच बॉडीला कलवणारा दांडा, लांब होतो. म्हणून मूळ कडकपणाच्या स्प्रिंगवर गाडी नुसती खाली बसवली तर ती वळणावर कमी नव्हे, जास्त कलू शकते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंग आखूड असण्याबरोबर कडकही असतात, त्याचे हे एक कारण.

टायर खरे कशाने खातात?

कॅम्बर डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष त्याला दिला जातो. पण टायरचा खरा शत्रू बहुतेक वेळा ‘टो’ असतो. वरून पाहिले तर दोन्ही पुढची चाके एकमेकांना समांतर आहेत की पुढून आत किंवा बाहेर वळली आहेत, ते म्हणजे टो. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा टाय रॉड आणि लोअर आर्म यांची लांबी आणि कोन वेगवेगळे असतात. चाक वरखाली होताना दोघे वेगवेगळ्या कमानी काढतात. उंची बदलली की टो बदलतोच. आत की बाहेर, ते त्या त्या गाडीच्या रचनेवर ठरते.

एक साधा हिशेब करू. एका चाकाचा टो अर्ध्या अंशाने चुकला आहे. अर्ध्या अंशाचे साइन मूल्य साधारण ०.००८७. म्हणजे गाडी १ किलोमीटर सरळ जाते तेव्हा तो टायर जवळपास ८.७ मीटर आडवा घासला जातो. मुंबई ते पुणे सुमारे १५० किलोमीटर धरले तर हा आकडा १.३ किलोमीटरवर जातो. एका फेरीत टायर एवढा आडवा ओढला जात असेल तर तो लवकर गुळगुळीत होणारच. डोळ्यांना अर्धा अंश दिसत नाही. म्हणून अलाइनमेंटला मशीन लागते.

त्यात निगेटिव्ह कॅम्बर आणि बाहेर वळलेला टो एकत्र आले तर आतली कड सर्वांत वेगाने जाते. टायर समोरून नवा दिसतो आणि आतून तारा डोकावू लागतात. पावसाळ्यात घाटात अशा टायरवर ब्रेक दाबण्याची वेळ येऊ नये.

लो केलेल्या गाडीचे अलाइनमेंट करताना काय पाहावे?

• स्प्रिंग बदलल्यावर टो लगेच तपासून घ्या. मात्र अंतिम अलाइनमेंट स्प्रिंग बसल्यावर, काहीशे किलोमीटर चालवून करा. नव्या स्प्रिंग थोड्या खाली येतात आणि उंचीबरोबर कोनही बदलतात.

• लोअर आर्मचे रबरी बुश जुन्या उंचीवर आवळलेले असतात. नव्या उंचीवर ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाके जमिनीवर टेकलेली असताना त्यांचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळायला सांगा.

• आधी चारही टायरची हवा, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश तपासा. एखादा भाग ढिला असेल तर मशीनवर आलेला आकडा रस्त्यावर टिकत नाही.

• क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॅम्बर आणि कॅस्टर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो बदलतो. उलट क्रमाने केलेले काम वाया जाते.

• अनेक गाड्यांत पुढचा कॅम्बर कमी-जास्त करण्याची सोय कंपनीकडून नसते, फक्त टो फिरवता येतो. अशा वेळी स्ट्रट आणि हब जोडणारे विशेष कॅम्बर बोल्ट किंवा वरच्या टोकाला कॅम्बर प्लेट लावावी लागते. ‘कॅम्बर होत नाही’ असे मेकॅनिक म्हणाला तर तो टाळाटाळ करतोच असे नाही.

• दोन्ही बाजूंचे आकडे सारखे आहेत का पाहा. डावा कॅम्बर आणि उजवा कॅम्बर यांत मोठा फरक असेल तर गाडी एका बाजूला खेचते.

• मशीनवरचे हिरवे-लाल पट्टे मूळ उंचीच्या गाडीसाठी असतात. लो केलेल्या गाडीत कॅम्बर थोडा लाल असला तरी दोन्ही बाजूंना सारखा असेल आणि टो बरोबर असेल तर टायर बराच काळ साथ देतात. टो लाल असताना मात्र गाडी बाहेर काढू नका.

• गाडी रॅम्पवर चढताना बंपर घासणार का, हे आधी विचारा. काही ठिकाणी फळ्या लावून चढवावी लागते.

अलाइनमेंटने सगळे ठीक होते का?

नाही. मशीन फक्त उभ्या गाडीचे कोन जुळवते. गाडी खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून जाते तेव्हा चाक वर जाते आणि टो पुन्हा बदलतो. याला बम्प स्टीअर म्हणतात. गाडी जितकी खाली, तितका लोअर आर्म आणि टाय रॉड आपापल्या कमानीच्या टोकाकडे, आणि तितका हा बदल मोठा. शिवाय स्ट्रटला खाली-वर व्हायला उरलेली जागा कमी होते. स्प्रिंग कापलेल्या गाडीत तो खड्ड्यागणिक तळाशी आपटतो आणि तो मार थेट बॉडीतल्या उंचवट्याला बसतो. अलाइनमेंटने यातले काहीच दुरुस्त होत नाही. उंची माफक बदलणे आणि त्या उंचीसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरची जोडी वापरणे, एवढेच हाती असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे सस्पेन्शनला हात लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा केलेली बरी. अपघातानंतर दावा करताना हा प्रश्न निघाला तर उत्तर गाडीमालकालाच द्यावे लागते.

मॅकफर्सन यांनी १,००० डॉलरच्या गाडीसाठी एक भाग काढून टाकला आणि उरलेल्या भागांचे कोन एका ठरावीक उंचीसाठी जुळवले. तीच उंची बदलायची असेल तर कोन पुन्हा जुळवण्याचा खर्च धरूनच बजेट करा. स्प्रिंगच्या बिलाला अलाइनमेंटचा ‘आधी’ आणि ‘नंतर’चा छापील कागद जोडून ठेवा आणि महिनाभराने चाके वळवून टायरच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरवा. एक कड दुसरीपेक्षा गुळगुळीत लागली तर टायर बदलण्याआधी टो पुन्हा तपासून घ्या.